एक इंचाला एक मैल : बाणकोट ते राजापूर

निघण्याआधी

आजोबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. ते गेल्यावर ट्रंकेतल्या वस्तूंची वाटणी झाली. घड्याळ काकांनी घेतलं, पितळी होकायंत्र माझ्याकडे आलं आणि कापडावर चिकटवलेले तीन नकाशे कुणालाच नको होते म्हणून आत्याने उचलले. पुढची तीस वर्षं ते तिच्या कपाटात साड्यांखाली पडून होते. गेल्या दिवाळीत फराळ आटोपल्यावर तिने ते काढून माझ्यापुढे टाकले. "तुला असल्या कागदांची हौस आहे ना? घे. नाहीतर वाळवी घेईल."

वाळवीने थोडं घेतलंच होतं. भारतीय सर्वेक्षण खात्याचे एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे नकाशे. क्रमांक ४७ जी/१, ४७ एच/६ आणि ४७ एच/१०. हे आकडे एकदा कळले की गंमत वाटते. ४७ म्हणजे चार अंश लांब आणि चार अंश रुंद एवढा मोठा चौकोन. त्याचे एकेका अंशाचे सोळा तुकडे, त्यांना अक्षरं. त्या प्रत्येकाचे परत सोळा तुकडे, त्यांना आकडे. म्हणजे एका कागदावर पाव अंश बाय पाव अंश जमीन, आपल्याकडे साधारण २७ किलोमीटरचा चौकोन. आमच्याकडच्या तिघांत एकावर बाणकोट ते हर्णै, दुसऱ्यावर जैतापूरची खाडी आणि विजयदुर्ग, तिसऱ्यावर राजापूर आणि त्याच्या पूर्वेचा डोंगर.

साल छापलेला कोपरा मात्र वाळवीने नेमका फस्त केला होता. मग भिंग घेऊन बसलो. बाणकोटच्या नकाशात सावित्रीच्या उत्तरेला, हरिहरेश्वरच्या अंगाला, जंजिरा संस्थानाची हद्द आखलेली आहे. ते संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणजे नकाशा त्याआधीचा.

आतेभाऊ संगणकातला. त्याने नकाशे स्कॅन करायला पुण्यातल्या एका दुकानात नेले. तिथल्या पोराने कापडाचा नकाशा थेट रोलरमध्ये सारला आणि एक घडी उसवून हातात दिली. आत्याला हे अजून सांगितलेलं नाही. स्कॅन झालेल्या चित्राच्या चार कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले होतेच. ते क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत भरले की नकाशा पृथ्वीवर आपल्या जागी जाऊन बसतो. मग तो फोनमध्ये घ्यायचा. आपण चाललो की जुन्या कागदावर निळा ठिपका चालतो.

एक सांगायला हवं. किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे असे नकाशे वर्षानुवर्षं निर्बंधित होते, साध्या माणसाला मिळत नसत. २००५च्या नकाशा धोरणात लष्कराची मालिका वेगळी आणि सगळ्यांसाठी खुली मालिका वेगळी झाली, २०२१मध्ये नियम आणखी सैल झाले. आता खुले नकाशे घरबसल्या उतरवून घेता येतात. पण त्यात आजची जमीन आहे. आम्हाला कालची हवी होती. म्हणून आजोबांचेच नकाशे घेऊन बाणकोट ते राजापूर जायचं ठरवलं.

आत्या म्हणाली, "मीपण येणार." तिचं वय ७१. गाडीत पुढची सीट तिची, हे गृहीत धरूनच तिने ते सांगितलं.

पहिला दिवस : पुणे – ताम्हिणी – बागमांडला – बाणकोट – केळशी

पहाटे साडेपाचला निघालो. ताम्हिणीत धुकं, माणगावात मिसळ, म्हसळ्यानंतर रस्त्याला माणूस नाही. बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडून निघालेली दिसत होती.

नकाशात इथे खाडीवर बारीक तुटक रेघ आहे आणि तिच्यावर फेरी असा शब्द. दोन्ही काठांवर वाटा येऊन थांबतात. जुन्या नकाशात होडी लागायची ती बाणकोटला, आताचा धक्का थोडा आत वेसवीला आहे. एवढा फरक सोडला तर शंभर वर्षं माणसं इथे खाडी तशीच ओलांडताहेत, फक्त आता गाडीसकट. बोट सुटली तसा आतेभावाने फोन आत्यापुढे धरला. निळा ठिपका जंजिरा संस्थानातून पाण्यात उतरला होता. "आता आपण रत्नागिरी जिल्ह्यात चाललो," तो म्हणाला. आत्याने काचेबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "जिल्हा राहू दे, ती घार बघ."

पलीकडच्या काठाला लागलो तरी ठिपका पाण्यातच. गाडी डांबरावर आणि आम्ही नकाशात बुडालेले. कारण साधं आहे. जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्टच्या हिशोबाने मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर आखलेले, जीपीएस दुसऱ्याच आकारावर मोजतं. दोन्ही बरोबर, पण एकमेकांवर बसत नाहीत. यावर उपाय म्हणजे न हलणाऱ्या खुणा धरून नकाशा सरकवायचा. किल्ल्याचा बुरूज, देऊळ, दोन ओढ्यांचा संगम. झाड धरू नये. रस्त्याचं वळणही धरू नये. बांधकाम खातं वळणं सरळ करतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून आधी बाणकोटचा किल्ला गाठला. हिंमतगड म्हणा, व्हिक्टोरिया म्हणा. पेशव्यांनी १७५६च्या तहात हा किल्ला इंग्रजांना दिला आणि घेरिया, म्हणजे विजयदुर्ग, आपल्याकडे घेतला. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा कारभार काही वर्षं इथूनच चालला. १८२२मध्ये मुख्य ठाणं रत्नागिरीला गेलं आणि बाणकोट जे मागे पडलं ते पडलंच. खंदकात रान माजलंय, जांभ्याचे बुरूज मात्र उभे. वायव्येच्या बुरुजावर उभं राहून आतेभावाने ठिपका नेमका बुरुजावर आणून बसवला. समोर सावित्रीचं मुख, पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर. नकाशातली प्रत्येक तपकिरी रेघ ५० फुटांची. त्या रेघा समोरच्या डोंगरावर डोळ्यांनी मोजत बसलो आणि त्या बरोबर भरल्या. मला उगाचच त्या अनोळखी मोजणीदाराबद्दल जिव्हाळा वाटला.

मुक्काम केळशीला. रात्री कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी.

दुसरा दिवस : केळशी – आंजर्ले – हर्णै – दाभोळ

केळशीत महालक्ष्मीचं देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा दोन्ही नकाशात आपापल्या खुणेसह आहेत. खाडीच्या तोंडाशी तपकिरी ठिपक्यांची रांगोळी काढलीय, तो वाळूचा डोंगर. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी या वाळूचा अभ्यास केला तेव्हापासून केळशीचं नाव विद्वानांच्या तोंडी आहे. आम्ही सकाळी गेलो तर वाळूवर केवड्याचं रान आणि दोन कुत्री. ठिपक्यांची कडा आणि आजची कडा जुळत नाही. वाळू कुठे एका जागी बसते?

वाड्यांमधून चालताना मात्र वाईट वाटलं. नकाशात गावाला लागून माडा-पोफळींच्या खुणा इतक्या दाट आहेत की घरांचे लाल ठिपके शोधावे लागतात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने ही दाटी विरळ करून टाकली. जिथे उभं राहून आभाळ दिसू नये तिथे टक्क ऊन. घराच्या पडवीत सुपारी सोलत बसलेल्या काकूंनी सांगितलं, "नवीन रोपं लावलीत, पण पोफळ काय लगेच उभी राहते का? माझ्या नातवाला दिसेल."

आत्याला नकाशा दाखवला तर तिने माझ्यापेक्षा वेगळंच पाहिलं. ती बोटाने किनारा चाचपत दक्षिणेकडे गेली. बाणकोट, फेरी. केळशी, पुन्हा पाणी. आडे, तिथेही. आंजर्ले, फेरी. "वीस मैलांत चार वेळा होडी. अण्णा कधी इकडून जायचेच नाहीत. हर्णैला जायचं तर मुंबईहून बोटीने." अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा.

आंजर्ल्याला आता पूल आहे. गाडीने खाडी ओलांडायला मिनिटही लागत नाही. कड्यावरच्या गणपतीला नमस्कार करून हर्णैला आलो. लिलाव संपत आला होता. सुरमईचा भाव ऐकून आत्याने डोळे मोठे केले आणि बांगडे घेतले, जे पुढे दाभोळच्या खानावळवाल्या बाईंनी तळून दिले.

हर्णैच्या पुळणीवरून सुवर्णदुर्ग समोर दिसतो. कमोडोर जेम्सने तो १७५५मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. इंग्रजांच्या तोंडी सुवर्णदुर्गाचं सेव्हर्नड्रूग झालं. जेम्सच्या बायकोने तो वारल्यावर १७८४ साली लंडनजवळच्या टेकडीवर त्याची आठवण म्हणून मनोरा बांधला, तोही सेव्हर्नड्रूग कॅसल. पुढे लंडन आणि पॅरिस त्रिकोणांनी जोडायची मोजणी निघाली तेव्हा जनरल रॉयच्या लोकांनी त्याच मनोऱ्यावर यंत्र चढवलं. म्हणजे हर्णैच्या खडकावरच्या किल्ल्याचं नाव इंग्लंडच्या मोजणीत जाऊन बसलं. हे मी पुळणीवर उभं राहून मोठ्या उत्साहाने सांगितलं. आतेभाऊ म्हणाला, "दादा, बांगडे उन्हात आहेत."

हर्णैच्या खाली आमचा एक इंची नकाशा संपतो. दाभोळ ते रत्नागिरीचा कागद ट्रंकेत नव्हताच. ती फट भरायला मी अमेरिकेच्या लष्करी नकाशा विभागाने १९५०च्या दशकात काढलेले नकाशे घेतले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. प्रमाण अडीच लाखाला एक, म्हणजे गाव एक ठिपका आणि वाडी गायब. मला ते तोकडेच वाटायचे. दाभोळला संध्याकाळी, चंडिकेच्या गुहेतलं देऊळ बघून आल्यावर, खानावळीच्या टेबलावर ते पसरले आणि पहिल्यांदा त्यांचा उपयोग कळला.

एक इंची नकाशात गाव दिसतं. या लहान प्रमाणात कोकण दिसतं. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली, त्यामुळे इथे रूळ नाहीतच. उत्तर-दक्षिण रस्ताही कसाबसा. पण प्रत्येक खाडी बघा. तिच्या मुखाशी बंदर. भरतीचं पाणी आत जिथवर चढतं तिथे बाजारपेठेचं गाव. त्याच्या डोक्यावर सह्याद्री उतरणारा घाट. बाणकोट, महाड, वरंध. दाभोळ, चिपळूणचं गोवळकोट, कुंभार्ली. जयगड, संगमेश्वर, आंबा. जैतापूर, राजापूर, अणुस्कुरा. विजयदुर्ग, खारेपाटण, फोंडा. गलबत मुखातून भरतीबरोबर आत जायचं, माल उतरायचा, तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. सगळं कोकण असं आडव्या पट्ट्यांचं. दाभोळच्या माणसाचं चिपळूणशी, तिथून कऱ्हाडशी जेवढं येणंजाणं, तेवढं शेजारच्या जयगडाशी नसेल.

आणि आजचा मुंबई-गोवा महामार्ग? महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण. तीच भरतीच्या टोकाची गावं, ओळीने. खाडी जिथे अरुंद होते तिथेच पूल परवडतो, म्हणून रस्त्याने नेमकी तीच गावं ओवली. पाच आडव्या वाटा जिथे संपत होत्या तिथून एक उभी गेली. चालत्या पेठा होत्या त्या महामार्गावरचे थांबे झाल्या आणि मुखाकडची बंदरं टोकाला पडली. दाभोळसारखं बंदर, ज्याच्यासाठी १५०८ साली पोर्तुगीज आरमार जाळपोळ करायला आलं, ते आता "रस्ता इथेच संपतो का?" असं विचारायचं गाव झालं.

आत्या ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे आधी कोकण आडवं होतं, ते यांनी उभं केलं." मला दोन परिच्छेद लागले होते.

तिसरा दिवस : दाभोळ – धोपावे – जयगड – रत्नागिरी

या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दाभोळ-धोपावे फेरीने वाशिष्ठी ओलांडली. ही गाड्यांची फेरी २००३पासून आहे, त्याआधी चिपळूणला वळसा. गुहागर, हेदवी, तवसाळ, परत फेरी, जयगड. दुपारी आतेभावाचा फोन तापून बंद पडला आणि सगळे निळे ठिपके त्याच्याबरोबर गेले. कागद काढला. कागद तापत नाही. रत्नागिरीत पोचेपर्यंत आत्या झोपली होती आणि मी रस्त्याकडेच्या आंब्यांचा मोहोर बघत होतो. यंदा बरा आहे म्हणतात.

चौथा दिवस : रत्नागिरी – कशेळी – देवाचे गोठणे – मुसाकाजी – राजापूर

पूर्णगडच्या पुढे सडे सुरू होतात. सडा म्हणजे जांभ्याचं पठार, पावसाळ्यात फुलांनी भरलेलं, जानेवारीत काळं करपलेलं. नकाशात ते ओळखायला सोपे. खाडीपासून तपकिरी रेघा एकमेकींना चिकटून वर चढतात आणि वर पोचल्या की एकदम काहीच नाही. पांढरा कागद. एखादी पायवाट, एखादं तळं, उंचीचा एक आकडा. पोस्टाला, धर्मशाळेला, सुक्या ओढ्यालासुद्धा खूण देणारे लोक सड्यावर आले की हात आखडतात.

त्याच पांढऱ्या कागदावर कातळशिल्पं आहेत. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींनी गावोगाव फिरून शेकडो चित्रांची नोंद केली आणि २०२२मध्ये यांतली निवडक स्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. जवळून बघितलं तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या खोदलेल्या रेघा आणि त्याच्या पोटात लहान लहान प्राणी. चार पावलं मागे सरकलं की पाठ, सोंड. प्रमाण बदललं की चित्र बदलतं, हे परवाच दाभोळच्या टेबलावर शिकलो होतो.

देवाचे गोठणे इथलं शिल्प छोटं आहे, एक मनुष्याकृती. तिथे जायचं ते होकायंत्रासाठी. आजोबांचं पितळी होकायंत्र मी मुद्दाम आणलं होतं. सड्यावर येताना सुई शहाण्यासारखी उत्तर दाखवत होती. शिल्पाशेजारी कातळावर ठेवलं तर ती हळूहळू फिरली आणि भलतीकडेच थांबली. हातभर सरकवलं, आणखी तिसरीकडे. कातळातच चुंबकत्व आहे. आतेभाऊ फोनचं होकायंत्र लावून बघत होता, तेही गोंधळलेलं.

मला आठवण झाली ती मोजणीदाराची. तेव्हा नकाशा जमिनीवरच काढत. तीन पायांवर सपाट फळी, तिच्यावर कागद, फळीच्या कडेला लांबोडक्या डबीतलं होकायंत्र. आधी सुईवर फळी उत्तरेला लावायची, मग दूरच्या त्रिकोणी खुणांकडे पट्टी रोखून आपली जागा काढायची. समजा असा एखादा माणूस उन्हात दमून नेमका इथे फळी मांडून बसला असेल. सुई एक सांगतेय, डोंगर दुसरं. यंत्र बिघडलं म्हणून हमालावर डाफरला असेल, चार पावलं पुढे जाऊन परत मांडलं असेल, आणि पायाखालच्या माणसाच्या चित्राकडे न बघता पुढे गेला असेल. कागदावर तरी त्याची खूण नाही.

दुपारी जैतापूरच्या खाडीकडे उतरलो. काठाने नकाशात दातेरी रेघ आहे. तो बांध, आणि बांधाच्या आत पिवळा रंग, म्हणजे भातशेती. खारी जमीन बांध घालून गोडी केलेली, उघाडीतून पावसाचं पाणी सोडायचं, भरतीचं अडवायचं. आज तिथे तिवरांचं घनदाट रान. बांध फुटला की पहिलं वर्ष कुणीतरी डागडुजी करतं, दुसऱ्या वर्षी तो माणूस मुंबईला जातो. एवढ्या वीस एकरांत आता बगळे सुखी आहेत.

मुसाकाजीला आत्या गाडीतून उतरली आणि आमच्या आधी धक्क्याकडे चालू लागली. मुंबईची बोट इथे थांबायची. ती सहा वर्षांची असताना आजीबरोबर आली होती. बोट काठाला लागत नसे, बाहेर समुद्रात उभी राही, काठावरून पडाव, म्हणजे होडी, जाई. "वरून एक खलाशी माणूस उचलून सोडायचा आणि खालचा झेलायचा. मध्ये पडाव वर-खाली. आजी रामरक्षा म्हणत होती. रामदास बुडून बारा वर्षं झाली होती, तरी तिच्या मनातून गेली नव्हती." रामदास बोट १७ जुलै १९४७ला रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. कोकणातल्या त्या पिढीला तारीख पाठ असते.

"तुला भीती नाही वाटली?"

"मला? मला झेललं त्या माणसाच्या अंगाला माशाचा वास येत होता, एवढंच आठवतंय."

नकाशात मुसाकाजीपाशी छोटी नांगराची खूण आहे. आत्याने बोट ठेवून ती बघितली आणि चष्मा पुसला. वारा खारा होता, चष्मा पुसावाच लागतो.

राजापुरात अंधार पडता पडता पोचलो. इंग्रजांनी इथे वखार घातली होती, पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले म्हणून महाराजांनी १६६१मध्ये ती लुटली. गलबतं गावापर्यंत यायची ती खाडी पुढे गाळाने भरत गेली. आता पावसाळ्यात पाणी उलट वरून येतं. अर्जुना आणि कोदवली भरल्या की जवाहर चौकात होड्या, आणि ते छायाचित्र दरवर्षी वर्तमानपत्रात.

पाचवा दिवस : राजापूर – रायपाटण

शेवटचा नकाशा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. ४७ एच/१०वर राजापूर पश्चिमेच्या कडेला चिकटून आहे आणि तिथून पूर्वेला अणुस्कुऱ्याकडे एक वाट निघते, बैलांच्या ओझ्यांची वाट म्हणून वेगळ्या रेघेने दाखवलेली. राजापूरचा माल याच वाटेने घाटावर जायचा. घाटात तिची जुनी फरसबंदी अजून आहे. पण आमचं काम घाटाच्या खूप अलीकडे होतं. रायपाटणच्या बाजूला, त्या वाटेवर, आजोबांच्या हातचं पेन्सिलीचं बारीक वर्तुळ आहे आणि शेजारी एक अक्षर. वि.

विहीर, असं आम्ही दिवाळीपासून धरून चाललो होतो. आणखी एक पेन्सिलीची रेघ होती. वाटेच्या शेजारून निघालेली, तिच्यापासून हळूहळू लांब जाणारी. ती कसली, ते कळत नव्हतं.

डांबरी रस्त्याला गाडी लावून ठिपक्याच्या मागे रानात शिरलो. करवंदीची जाळी, पडका गडगा, पालापाचोळा. विहीर म्हणावी असा खड्डासुद्धा नाही. तासभर फिरून परतत होतो तेवढ्यात गुरं घेऊन एक तात्या आले. आत्याने विचारलं, "तात्यांनु, हितं जुनी विहीर कुठं होती का हो?"

"विहीर? हितं कदी नव्हती. ही कातळी जमीन, पानी लागनार कुठनं?" त्यांनी काठीने जाळी बाजूला केली. "तुमी शोदता तो ह्यो नसंल? विसावा."

जांभ्याचे दोन उभे चिरे, त्यांच्यावर आडवा लांब दगड, छातीइतक्या उंचीचा. वरची कड गुळगुळीत, मध्ये किंचित दबलेली. डोक्यावरचा भारा खाली न उतरवता तसाच सरकवून टेकवायचा, दम घ्यायचा आणि मान घालून परत उचलायचा. एकट्या माणसाला जमिनीवरून भारा उचलता येत नाही, म्हणून ही उंची. तात्यांची आई भाताचे भारे घेऊन राजापूरच्या बाजाराला जाताना इथे थांबायची. "मंग हिकडनं रस्ता झाला. यश्टी आली. मंग हितं कोन येतंय?"

आतेभावाने फोनवर आजचा रस्ता आणि स्कॅन केलेला कागद एकमेकांवर ठेवले. डांबरी रस्ता आजोबांच्या पेन्सिलीच्या रेघेवर जवळजवळ तंतोतंत बसला. विसाव्याच्या अलीकडे शे-दीडशे पावलांवर रेघ वाटेपासून सुटते, तिथेच रस्ताही सुटतो. पुढे अर्जुना धरणाचं पाणी आहे, ते नकाशात नाही आणि पेन्सिलीतही नाही.

आत्या बराच वेळ फोनकडे बघत राहिली. "म्हणजे हा रस्ता अण्णांनी आखला?"

"आखणीत ते होते, एवढं नक्की."

"आणि विसावा चुकवला."

"चढ कमी पडतो तिकडून. रेघा बघ ना, इथे किती जवळजवळ आहेत."

ती काही बोलली नाही. खांद्यावरची पिशवी तिने त्या दगडावर ठेवली, आत पाण्याची बाटली, उरलेले लाडू आणि तीन नकाशे. तात्यांना लाडू दिला. त्यांची एक गाय एव्हाना डांबरी रस्त्यावर जाऊन उभी होती आणि राजापूरहून आलेली एसटी तिच्यासाठी हॉर्न वाजवत थांबली होती.